राणीची स्वारी आणि रस्त्यावरची गर्दी

१९६१ सालच्या फेब्रुवारी महिन्यातली गोष्ट. बुलढाणा जिल्ह्यातल्या आमच्या गावी तेव्हा नागपूरचे वर्तमानपत्र एस.टी.ने येई, आणि तेही दुसऱ्या दिवशी. त्यात एक दिवस इंग्लंडची राणी एलिझाबेथ हिचे मोठे छायाचित्र आले. राणी मुंबईत आली होती. माझ्या आजीने ते चित्र कात्रीने नीट कापले, कणकेची खळ केली आणि ओसरीवरच्या भिंतीला, कॅलेंडरच्या शेजारी, चिकटवून टाकले. मी त्या वेळी दहा वर्षांचा होतो, आणि खळीची वाटी धरण्याचे काम माझ्याकडे होते.

संध्याकाळी वडील शाळेतून आले. ते शिक्षक होते, आणि बेचाळीसच्या चळवळीत नऊ महिने तुरुंगात राहून आलेले होते. त्यांनी चित्र पाहिले, टोपी खुंटीला अडकवली, आणि एक शब्दही न बोलता नखाने ते चित्र भिंतीवरून खरवडू लागले. खळ ओली होती, त्यामुळे ते सहज निघाले.

आजी म्हणाली, "काहून रे? आता ते पाहुणी म्हणून आली ना? मंग पाहुणीले पाहाचं नाही काय?"

"माय, तिच्या बापाच्या राज्यात मी नऊ महिने दळण दळलं."

"बापाचं कर्ज लेकीच्या डोक्शावर काहून टाकतं?"

"सावकार सोडते काय?" वडील म्हणाले.

या प्रश्नाला आजीजवळ उत्तर नव्हते. ज्या घराने सासऱ्याचे कर्ज नातवापर्यंत फेडले, त्या घरातली ती बाई. पण दुसऱ्या दिवशी सकाळी चित्र पुन्हा भिंतीवर होते. तीन दिवस हे चालले. चौथ्या दिवशी चित्र फाटले, आणि दोघेही गप्प झाले.

आज मी आपल्याशी बोलणार आहे ते या गोष्टीच्या निमित्ताने. एखादा राजा किंवा राणी, ज्या देशावर आपल्या घराण्याने राज्य केले त्याच देशात, तो प्रजासत्ताक झाल्यावर, पाहुणी म्हणून जाते तेव्हा तिथल्या लोकांना काय वाटते? आणि त्यांना काय वाटते हे आपण ओळखायचे कशावरून? वर्तमानपत्रे म्हणतात, रस्त्यावर लाखो लोक होते. लाखो होते हे खरे. पण आमच्या ओसरीवर दोनच माणसे होती, आणि त्यांचे एकमत होत नव्हते. हा अनुभव आपल्या देशाने घेतला, तसाच इंग्लंडच्या अगदी शेजारी असलेल्या आयर्लंडनेही घेतला. या दोन देशांच्या कथा मधून मधून एकमेकींना अशा काही चिकटतात की एक सांगताना दुसरी आठवल्यावाचून राहत नाही.

मागून सुरुवात करू. १९११ साली पंचम जॉर्ज गादीवर होता. त्या वर्षीच्या जुलैमध्ये तो आयर्लंडात डब्लिनला गेला आणि २ डिसेंबरला मुंबईत अपोलो बंदरावर उतरला. आज तिथे गेटवे ऑफ इंडिया दिसते, ती राजा आला तेव्हा नव्हतीच. त्याच्यासाठी उभारलेली कमान तात्पुरती, देखाव्याची होती. पक्क्या इमारतीचा पाया १९१३ मध्ये घातला गेला आणि ती पुरी व्हायला १९२४ साल उजाडले. म्हणजे राजा पुढे आणि दरवाजा मागून, असा तो प्रकार झाला.

त्या स्वागताला माझ्या वडिलांचे चुलते हजर होते. त्यांना आम्ही आबा म्हणत असू. खामगावला कापसाच्या एका अडत दुकानात ते नोकरीला होते आणि मालकाच्या कामाने मुंबईला गेले होते. चार तास उन्हात उभे राहिले. राजा कसा होता, असे आम्ही पोरे विचारीत असू, तर ते म्हणत, "राजा कोनं पाह्यला? समोरच्याचं पागोटं पाह्यलं." पागोटे मात्र त्यांना शेवटपर्यंत आठवत होते. लाल, जरीचे काठ असलेले.

आता हे ध्यानात घ्या की १९११ साली टिळक मंडालेच्या तुरुंगात होते. १९०८ च्या जुलैत त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली तेव्हा याच मुंबईत गिरणी कामगारांनी सहा दिवस गिरण्या बंद पाडल्या. वर्षाला एक दिवस, असा तो हिशेब होता. गोळीबार झाला, माणसे मेली. आणि त्यानंतर साडेतीनच वर्षांनी त्याच शहरात राजाच्या स्वागताला तोबा गर्दी! इंग्रज अधिकाऱ्यांनी आपल्या मायदेशी काय कळवले असेल, याची कल्पना करता येते. लोक राजनिष्ठ आहेत, चार डोकी फिरलेली होती, ती आत आहेत.

डब्लिनमध्येही त्या जुलैत असेच झाले होते. रस्त्यावर गर्दी होती, जयघोष होता. शहराच्या नगरपालिकेने मात्र राजाला मानपत्र देण्याचे साफ नाकारले होते. तो कागदावरचा नकार कोणी फारसा मनावर घेतला नाही. पुढे पाचच वर्षांनी, १९१६ च्या ईस्टरला, त्या शहरात सशस्त्र उठाव झाला. म्हणजे गर्दीपेक्षा नगरपालिकेचा ठराव खरा ठरला.

इथे जरा वाट वाकडी करून खामगावचीच एक गोष्ट सांगतो. जलंबहून खामगावला जाणारा जो आगगाडीचा फाटा आहे, त्याचे उद्घाटन १८७० च्या मार्चमध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांनी केले. वऱ्हाडचा कापूस मँचेस्टरला लवकर पोचावा म्हणून हा फाटा. हे मेयो साहेब डब्लिनमध्ये जन्मलेले आयरिश सरदार होते. दोन वर्षांनी, १८७२ साली, अंदमानात एका कैद्याने त्यांचा खून केला. जालियनवाला बाग झाली तेव्हा पंजाबचा लेफ्टनंट गव्हर्नर असलेला मायकेल ओड्वायर हाही आयरिशच. राज्य केले गेलेल्या देशाची माणसे दुसऱ्या देशावर राज्य करायला येत होती. साम्राज्याचा कारभार असाच चाले, आणि म्हणून 'आयरिश लोक आपल्यासारखेच' असे म्हणताना मी थोडा अडखळतो. असो.

१९११ नंतर दहा वर्षे गेली. १७ नोव्हेंबर १९२१ रोजी त्याच राजाचा मुलगा, प्रिन्स ऑफ वेल्स, मुंबईच्या त्याच बंदरावर उतरला. काँग्रेसने बहिष्कार पुकारला होता. देशभर हरताळ झाला. परळला गांधीजींच्या समोर विलायती कापडाची होळी पेटली. पण या दिवसाचा इतिहास सांगताना आपण पुष्कळदा इथेच थांबतो, आणि ते बरोबर नाही. राजपुत्राच्या स्वागताला गेलेले लोकही त्या दिवशी मुंबईत थोडे नव्हते. पारशी होते, ख्रिस्ती होते, इतरही होते. ते परतताना जमावाने त्यांच्यावर हल्ले केले, टोप्या हिसकल्या, दुकाने फोडली. मग तिकडूनही प्रतिकार झाला, पोलिसांनी गोळ्या झाडल्या, आणि चार दिवसांच्या दंगलीत पन्नासाहून अधिक माणसे प्राणाला मुकली. गांधीजी हादरून गेले. १९ तारखेला त्यांनी उपास धरला, आणि शहर शांत झाल्यावर २२ तारखेला सोडला. बहिष्कार हे लोकमत खरे, पण शेजाऱ्याचे मत वेगळे असले तर त्याची टोपी जाळायची की नाही, या प्रश्नापाशी ते येऊन अडले होते.

आणि त्याच १९ तारखेला पुण्यात काय चालले होते? तिथे त्याच राजपुत्राच्या हस्ते शिवछत्रपतींच्या स्मारकाची कोनशिला बसवली जात होती. हे घडवून आणले होते कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी. महाराज राजपुत्राचे स्वागत करतात म्हणून पुण्यातल्या राष्ट्रीय पक्षाच्या मंडळींनी त्यांना पुष्कळ दोष दिला. पण महाराजांच्या बाजूने पाहिले तर असे दिसते की ज्या समाजासाठी ते शाळा आणि वसतिगृहे काढीत होते, त्याला उद्याच्या स्वराज्यात काय वाटा मिळणार याची कोणी हमी देत नव्हते. तेव्हा तिकडे मुंबईत हरताळ, इकडे पुण्यात कोनशिला, आणि दोन्हीकडे मराठी माणसेच. मला स्वतःला बहिष्काराची बाजू जवळची वाटते, माझ्या घरातून ती आली आहे. तरीपण पुण्याच्या त्या मंडपात जे बसले होते त्यांना लाळघोटे म्हणून मोकळे होणे मला जमत नाही.

आबांचे काय? आबांनी त्या दिवशी खामगावात दुकान उघडले नाही. मालक रागावला. दहा वर्षांपूर्वी मुंबईला उन्हात उभा राहिलेला हाच माणूस. मी मोठा झाल्यावर त्यांना एकदा विचारले की आबा, तुमचे मत केव्हा बदलले? ते म्हणाले, "बदललं कुठी? तवा तमाशा पाहाले गेलतो. मत कोनं इचारलं होतं?"

आमच्या वऱ्हाडात तर मत विचारण्याचा प्रश्न आणखीच गुंतागुंतीचा होता, कारण आमचे धनी दोन होते. वऱ्हाड मुळात निजामाचा मुलूख. १९०२ च्या कराराने इंग्रजांनी तो वर्षाला पंचवीस लाख रुपयांवर कायमच्या पट्ट्याने घेतला. शेत मालकाचे आणि बटाईदाराचे, दोघांचेही असते, तसे आम्ही दोघांचे. १९३६ साली नवा करार झाला, तेव्हा निजामाचे नाव 'हैदराबाद व वऱ्हाडचे निजाम' असे झाले, त्याच्या थोरल्या मुलाला 'प्रिन्स ऑफ बेरार' ही पदवी मिळाली, आणि वऱ्हाडात इंग्रजांच्या निशाणाबरोबर निजामाचेही निशाण लावावे असे ठरले. सिंदखेडराजात जिजाऊसाहेबांचा जन्म झाला त्या मातीवर ही दोन निशाणे! या करारासाठी आमच्या गावातल्या एकाही माणसाला कोणी विचारले नव्हते.

पुढे स्वातंत्र्य आले. १९५० च्या २६ जानेवारीपर्यंत इंग्लंडचा राजा कायद्याने आपलाही राजा होता, ही गोष्ट आज पुष्कळांच्या ध्यानात नसते. आयर्लंडने १९४९ च्या १८ एप्रिलला स्वतःला प्रजासत्ताक म्हणवले आणि तो राष्ट्रकुलातून बाहेर पडला. त्याच महिन्याच्या अखेरीस लंडनला ठरले की भारताने प्रजासत्ताक होऊनही राष्ट्रकुलात राहायला हरकत नाही. एकाच महिन्यात एकजण घराबाहेर पडला आणि दुसऱ्यासाठी घराचा नियम बदलला. आपल्याकडे यावर टीका झाली नाही असे नाही. राजघराण्याशी नाते कशाला ठेवायचे, असे म्हणणारे पुष्कळ होते आणि माझे वडील त्यांतलेच.

म्हणून १९६१ ची भेट नाजूक होती. राणी २१ जानेवारीला दिल्लीला आली आणि २६ जानेवारीच्या संचलनाला पाहुणी म्हणून बसली. राजपथावर आपले सैन्य आपल्या राष्ट्रपतींना सलामी देत होते, आणि जिच्या बापाला ते पूर्वी सलामी देत असे ती लेक बाबू राजेंद्रप्रसादांच्या शेजारी बसून ते पाहत होती. आमच्या ग्रामपंचायतीच्या रेडिओवर त्याचे वर्णन ऐकायला चावडीपुढे सारा गाव जमला होता. फेब्रुवारीत ती पाकिस्तानात गेली. तिथले प्रकरण तर आणखी वेगळे. पाकिस्तान १९५६ साली प्रजासत्ताक झाले, म्हणजे पाचच वर्षांपूर्वीपर्यंत ती त्यांची स्वतःची राणी होती. काल घरची मालकीण, आज पाहुणी. मग कलकत्ता, मद्रास, बंगलोर करीत ती मुंबईला आली. महाराष्ट्र राज्याला तेव्हा वर्षही पुरे झाले नव्हते. श्रीप्रकाश राज्यपाल होते, यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री.

जिकडे जाईल तिकडे गर्दी लोटली. दिल्लीला तर माणसांचा समुद्र झाला होता म्हणतात. परदेशी वार्ताहरांनी लिहिले की हिंदी लोकांनी इंग्रजांना क्षमा केली. मला वाटते, ही घाई झाली. गर्दीतल्या कोणाला दागिने पाहायचे होते, कोणाला सुट्टी होती, कोणाचे शाळेतले मास्तर रांगेत उभे करून घेऊन आले होते. काहींच्या मनात हेही असेल की आता तुम्ही या, आमचे घर पाहा, आम्ही कसे चालवतो ते पाहा. माझ्या आजीच्या मनात बहुधा हेच होते. नाराजी झाली ती भलत्याच कारणाने. राणीच्या यजमानांनी, म्हणजे प्रिन्स फिलिप यांनी, जयपूरच्या महाराजांचे पाहुणे म्हणून सवाई माधोपूरच्या जंगलात वाघ मारला, आणि त्यावर खुद्द इंग्लंडातच जास्त ओरड झाली.

मोठा प्रश्न तसाच राहिला होता, तो १९९७ साली समोर आला. स्वातंत्र्याला पन्नास वर्षे झाली म्हणून राणी पुन्हा आली आणि १४ ऑक्टोबरला अमृतसरला जालियनवाला बागेत गेली. १३ एप्रिल १९१९ रोजी जनरल डायरने तिथे गोळ्या झाडल्या. सरकारी आकडा ३७९ मृतांचा, लोकांचा आकडा त्याहून कितीतरी मोठा. राणीने आदल्या दिवशी दिल्लीत भाषण करताना या घटनेचा दुःखद म्हणून उल्लेख केला, पण इतिहास पुन्हा लिहिता येत नाही असेही सांगितले. क्षमा मागितली नाही. बागेत तिने पादत्राणे काढली, पुष्पचक्र वाहिले, मान लववली. फिलिप यांनी तेवढ्यात मृतांच्या आकड्याबद्दल शंका काढून होते ते पुण्य घालवले. लोकमत उघड दुभंगले. मान लववली हे पुष्कळ झाले, असे काहींना वाटले. ज्यांच्या घरची माणसे तिथे पडली होती, त्यांतल्या पुष्कळांना तोंडाने शब्द हवा होता.

आमच्या घरी तेव्हा दूरदर्शन संच होता. वडील सत्त्याहत्तरीत होते, ऐकू कमी येई. त्यांनी विचारले, "काही बोलली काय?" मी मान हलवून नाही म्हटले. ते बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "जोडा काढला पण." हे कौतुक होते की तक्रार, मला आजतागायत कळले नाही.

आता आयर्लंडकडे वळू. १९११ नंतर शंभर वर्षे इंग्लंडचा एकही राजा वा राणी त्या शेजारच्या देशाच्या राजधानीत पाऊल ठेवू शकली नाही. मधे किती रक्त वाहिले! आपले शेवटचे व्हाइसरॉय माउंटबॅटन, राणीच्या यजमानांचे मामा, यांना आयरिश बंडखोरांनी १९७९ साली तिथल्याच समुद्रात नावेसकट बाँबने उडवले होते. शेवटी राष्ट्राध्यक्ष मेरी मॅकअलीस यांच्या निमंत्रणावरून १७ मे २०११ रोजी राणी डब्लिनला उतरली. आणि तारीख तरी कोणती! १९७४ च्या १७ मेलाच डब्लिन आणि मोनाहन इथे बाँब फुटून तेहेतीस माणसे मेली होती. त्यांचे नातेवाईक म्हणत होते, राणी येते तर येऊ द्या, पण लंडनच्या कपाटातले कागद आधी बाहेर काढा. शिन फेन पक्षाचे म्हणणे होते की ही भेट वेळेआधी होते आहे. काळे फुगे सोडणारे, घोषणा देणारे थोडके होते. बहुतेक लोक भेटीला अनुकूल होते, हे लोकांना विचारून आधीच पाहून झाले होते.

पण गंमत अशी की रस्ते ओस! बंदोबस्त इतका कडक की राणीच्या वाटेवर चिटपाखरूही नव्हते. १९११ साली गर्दी होती आणि मन उलट होते. २०११ साली मन पुष्कळसे अनुकूल होते आणि रस्ता रिकामा होता. राणी स्वातंत्र्यासाठी मेलेल्यांच्या स्मृतिउद्यानात गेली, ज्यांनी तिच्या आजोबांच्या सैन्याशी लढत प्राण दिले त्यांच्यापुढे तिने मान लववली. क्रोक पार्कच्या मैदानावर गेली, जिथे २१ नोव्हेंबर १९२० रोजी सामना चालू असताना सरकारी शिपायांनी लोकांवर गोळ्या झाडून चौदा माणसे मारली होती. तिथेही क्षमेचा शब्द नव्हता. मात्र डब्लिनच्या किल्ल्यातल्या मेजवानीत तिने भाषणाची सुरुवात आयरिश भाषेत केली. ज्या भाषेला इंग्रजी राजवटीत कचेरीत जागा नव्हती, त्या भाषेत. शेजारी बसलेल्या राष्ट्राध्यक्षांच्या तोंडून आश्चर्याचा उद्गार निघून गेला, तो साऱ्या जगाने पाहिला. शेवटच्या दिवशी कॉर्क शहरात बाजारातून बाहेर पडल्यावर राणी ठरलेला कार्यक्रम सोडून रस्त्यापलीकडे उभ्या लोकांकडे चालत गेली. मधल्या काळात कॅशेल गावच्या नगराध्यक्षाने, जो शिन फेनचाच होता, पक्षाचा सूर बाजूला ठेवून तिच्याशी हस्तांदोलन केले होते. माझ्या दारी आलेल्याला मी हात कसा नाकारू, असा साधा विचार त्याने केला असावा.

माझी एक पुतणी त्या वेळी नोकरीनिमित्त डब्लिनला होती. चिखलीची मुलगी. मी मोठ्या उत्सुकतेने तिला फोन केला, राणी पाहिलीस का? ती म्हणाली, "काका, काही दिसलं नाही. रस्ता बंद, बस वळवली, दोन मैल चालत घरी आले." मला आबांचे पागोटे आठवले. मग तिने तिच्या घरमालकिणीचे सांगितले. ऐंशीच्या घरातली म्हातारी. चुलता इंग्रजांच्या तुरुंगात होता, म्हणून राणीचे नाव घरात काढायचे नाही, असा दंडक. मेजवानीचे भाषण लागले तशी ती दूरचित्रवाणी बंद करायला उठली. हात बटणावर होता, इतक्यात ते आयरिश शब्द आले. म्हातारी तशीच उभी राहिली. भाषण संपेपर्यंत ना तिने ते बंद केले, ना खाली बसली.